लिहिणारी तीन बोटे

लेखनाचा इतिहास आपल्याकडे लिहिला जातो तेव्हा तो लिपीचा असतो, कागदाचा असतो, मुद्रणाचा असतो. अलीकडे तो वाचकांचा आणि प्रकाशनव्यवहाराचाही होऊ लागला आहे. लिहिणाऱ्या हाताचा मात्र तो क्वचितच असतो. हात हे लेखनाचे सर्वांत जुने आणि अद्याप न बदललेले साधन. तरीही ते दुखेपर्यंत त्याची आठवण होत नाही, आणि दुखल्यावर ती साहित्याची बाब न राहता वैद्यकाची होते. आमच्या मते ही विभागणी फसवी आहे. हाताच्या दुखण्याकडे वैद्यकाने कसे पाहिले हे तपासू गेल्यास कोणाच्या हाताकडे पाहिले आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न पुढे येतो; आणि तो साहित्याच्या अभ्यासकांना परका नाही.

हस्तलिखितांच्या जगात ही आठवण जागी होती. मध्ययुगीन युरोपातील मठांमध्ये ग्रंथांच्या प्रती करणारे लेखनिक शेवटच्या पानावर एक तक्रार नोंदवीत: लिहितात तीन बोटे, पण राबते सारे शरीर. आपल्याकडील संस्कृत पोथ्यांच्या पुष्पिकांतही असाच एक श्लोक वारंवार भेटतो. पाठ, कंबर आणि मान मोडून, मूठ आवळून, खाली मान घालून मोठ्या कष्टाने लिहिलेला हा ग्रंथ जपा, असे लेखनिक त्यात विनवतो. मूळ ग्रंथकाराचे नाव मंगलाचरणात आणि प्रत करणाऱ्याचे दुखणे पुष्पिकेत, अशी ही वाटणी आहे. पुष्पिका हा वाङ्मयप्रकार म्हणून आपण फारसा वाचलेला नाही. संपादक तिच्यातून शक आणि स्थळ तेवढे उचलतो आणि बाकी सोडून देतो. पण त्या युरोपीय तक्रारीतली तीन बोटे लक्षात ठेवावीत. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट, ज्यांच्या चिमटीत बोरू धरला जातो, तीच पुढे या इतिहासात महत्त्वाची ठरणार आहेत.

मोडी लिपीकडे या अंगाने पाहिले तर ती हात वाचवण्याची एक युक्ती वाटू लागते. कागदावर आधी आडवी शिरोरेषा ओढून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरामागून अक्षर, शक्यतो हात न उचलता, गुंफत जायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये अंतर नाही. बोरू दौतीत बुडवण्यापुरताच काय तो थांबायचा. हेमाडपंताने ही लिपी आणली की ती आधीपासूनच घडत आली होती, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल ज्यांनी भरले त्या कारकुनांना दिवसाकाठी किती ओळी ओढाव्या लागत असतील, याचा अंदाज ते रुमाल पाहताच येतो. रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतर त्यातील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांत स्वाऱ्या आहेत, कर्जे आहेत, तंटे आहेत. ते उतरवणाऱ्या मनगटांची नोंद असण्याची अपेक्षा करणे व्यर्थच.

अशी नोंद प्रथम ठसठशीतपणे केली ती इटलीतील एका वैद्याने. बेर्नार्दिनो रामाझिनी याचा कामकऱ्यांच्या रोगांवरील लॅटिन ग्रंथ १७०० साली मोडेना येथे निघाला. रोग्याला विचारायच्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ हा प्रश्न घालावा, असे त्याने आपल्या व्यवसायबंधूंना बजावले. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत त्याने लेखनिक आणि नोटरी यांच्यावर एक प्रकरण जोडले. त्यांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बसून राहणे, हाताची एकाच दिशेने अविरत हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण. त्याच्या ओळखीच्या एका नोटरीचा उजवा हात आधी शिणू लागला आणि शेवटी लुळा पडला; त्याने डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला, तर थोड्याच काळात त्या हातानेही तोच मार्ग धरला. तीनशे वर्षांपूर्वीची ही तीन कारणे आजही कोणत्याही कचेरीच्या भिंतीवर लावता येतील. त्यातले तिसरे आम्हाला विशेष वाटते. मनाचा ताण हाताच्या दुखण्यात मोजायचा, पण त्यासाठी दुखणे खोटे ठरवायचे नाही, हा समतोल पुढच्या दोन शतकांत फारसा टिकला नाही.

एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या, कारकून वाढले, आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचे टाक बाहेर पडू लागले. पिसाची लेखणी मऊ, टाक ताठ. तेव्हा नव्या दुखण्याचे खापर टाकावर फुटले. चार्ल्स बेल या शरीरशास्त्रज्ञाने १८३० च्या सुमारास एक चमत्कारिक गोष्ट टिपली. रोग्याची अक्षरे वेडीवाकडी उमटत, लिहिणेच अशक्य होई, पण तोच हात तलवार मात्र व्यवस्थित चालवू शके. सॅम्युएल सॉली याने १८६४ साली लंडनमध्ये ‘लेखनिकांच्या पक्षाघाता’वर व्याख्याने दिली. विल्यम गॉवर्स या मज्जातंतुतज्ज्ञाने १८८० च्या दशकात लिहिण्याच्या पद्धतींचेच वर्गीकरण केले आणि बोटांनी न लिहिता खांद्यापासून हात फिरवून लिहिणाऱ्यांना हा विकार सहसा होत नाही, असे प्रतिपादन केले. (गॉवर्स स्वतः लघुलिपीचा कट्टर पुरस्कर्ता होता, हे येथे सांगितलेच पाहिजे.) याच विकाराला पुढे ‘रायटर्स क्रॅम्प’ हे नाव रूढ झाले, आपण त्याला लेखकाचा पेटका म्हणू. त्याचे मूळ मनगटात नसून हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत आहे, असे आज मानले जाते.

साहित्याच्या इतिहासात या दुखण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण हेन्री जेम्सचे. १८९७ साली उजव्या मनगटाच्या वेदनांनी त्रस्त होऊन त्याने लेखनिक ठेवला आणि पुढे तो कादंबऱ्या थेट टंकलेखकाला सांगू लागला. रेमिंग्टनच्या टकटकीची त्याला इतकी सवय झाली की तिच्यावाचून त्याचे काम अडू लागले. त्याच्या उत्तरकाळातील लांबलचक, वळणावळणाने जाणाऱ्या वाक्यांचे मूळ या सांगण्यात आहे काय, यावर समीक्षकांत चर्चा होत आली आहे. आम्हाला हे अनुमान मोहक वाटते, पण पुरेसे नाही. जेम्सचे वाक्य त्याआधीच लांबू लागले होते. शिवाय सांगून लिहवून घेणे ही काही आधुनिक तडजोड नव्हे. व्यासांना गणेश मिळाला, ज्ञानदेवांना सच्चिदानंदबाबा, तुकोबांना संताजी तेली जगनाडे. आपल्या परंपरेने लेखनिकाचे नाव तरी जपले, ही जमेची बाजू.

इथवर जे आले ते लिहिणाऱ्यांच्या दुखण्याचे. आता दुसऱ्या एका दुखण्याकडे वळतो. लेखकाच्या पेटक्याशी त्याची नेहमी गल्लत होते: कार्पल टनेल सिंड्रोम. दोन्ही हाताचीच, पण जात वेगळी. मनगटात आठ लहान हाडांची एक पन्हळ असते आणि तिच्यावर तळहाताच्या बाजूने एक जाड, ताणला न जाणारा अस्थिबंध आडवा पसरलेला असतो. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एकच मज्जातंतू, मीडियन नर्व्ह, हाताच्या पंजात उतरतात. कंडरांचे वेष्टन सुजले, अंगात पाणी साचले, मनगट वाकलेले राहिले, की आतला दाब वाढतो आणि दाटीत चेंगरतो तो मज्जातंतू. १९८१ साली रिचर्ड गेलबरमन आणि सहकाऱ्यांनी हा दाब प्रत्यक्ष मोजला: निरोगी मनगटात सरासरी २.५ मिलिमीटर पारा, रोग्यांच्या मनगटात ३२. आणि मनगट पूर्ण वाकवले की त्याच्याही कितीतरी पट. हा मज्जातंतू संवेदना पुरवतो ती अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला आणि अनामिकेच्या अर्ध्या बाजूला. मठातल्या लेखनिकाची तीन बोटे ती हीच. त्यामुळे हा विकार लेखणीचाच असला पाहिजे, असे वाटणे स्वाभाविक आहे. आणि इतिहास नेमका येथे वेगळ्या दिशेला जातो.

१८८० साली बॉस्टनच्या जेम्स जॅक्सन पटनमने तीसहून अधिक रोग्यांची एक मालिका प्रसिद्ध केली. त्यांची तक्रार एकच: रात्री झोपेत हात बधिर होतो, मुंग्यांनी जाग येते, मग हात खाटेवरून खाली लोंबकळत सोडला किंवा झटकला की बरे वाटते. या रोग्यांत कारकून फारसे नव्हते. बहुसंख्य स्त्रिया होत्या. तीन वर्षांनी लंडनमध्ये ऑर्मेरॉडने जवळपास असेच लिहिले, आणि त्याच्याही रोगी मुख्यतः मध्यमवयीन स्त्रियाच. १८९३ साली शुल्झेने या तक्रारीला ‘अॅक्रोपॅरेस्थेशिया’ हे भारदस्त ग्रीक नाव दिले. नाव मिळाले, कारण मिळाले नाही. रक्तवाहिन्यांचा बिघाड, ऋतुनिवृत्ती, नाजूक प्रकृती अशी उत्तरे दिली गेली. पुढे मानेजवळच्या बरगडीवर संशय गेला आणि तेथे शस्त्रक्रियाही झाल्या. दुखणे हातात, शोध मानेत.

खरे तर उत्तराचे तुकडे हाताशी होते. जेम्स पॅजेट याने १८५० च्या दशकातच एक रोगी वर्णिला होता. मनगटाजवळचे हाड मोडून वेडेवाकडे जुळल्याने त्याचा हा मज्जातंतू दबला होता, आणि अंगठा व शेजारच्या दोन बोटांवरचे व्रण मनगट वाकवून बांधून दाब हटवल्यावरच भरले. १९१३ साली पॅरिसमध्ये पिएर मारी आणि शार्ल फ्वा यांनी एका ऐंशी वर्षांच्या मृताचे मनगट उघडले. अस्थिबंधाच्या लगत वर मज्जातंतू गाठीसारखा फुगलेला त्यांना दिसला, आणि हा अस्थिबंध वेळीच कापला असता तर हात वाचला असता, असे त्यांनी लिहूनही ठेवले. तेही तसेच पडून राहिले. १९४७ साली रसेल ब्रेन आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये सहा रोग्यांची शस्त्रक्रिया वर्णिली, सहाही स्त्रिया. ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ हे नाव ‘लॅन्सेट’मधील एका लेखाच्या शीर्षकात आले ते १९५३ मध्ये. पटनमपासून मोजले तरी सत्तर वर्षे गेली. रात्री उठून हात झटकणारी स्त्री या काळात बहुधा ‘नर्व्हस’ ठरली असेल, असे म्हणण्यास आम्ही धजतो. कारण निदानाच्या वहीत तेवढा एकच रकाना तिच्यासाठी मोकळा होता.

त्यानंतरच्या क्लीव्हलंडच्या जॉर्ज फेलनची गोष्ट अधिक बोलकी आहे. या विकाराचे ज्ञान सर्वसामान्य डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्याचे श्रेय निःसंशय त्याचे. दोन्ही मनगटे मिनिटभर वाकवून धरण्याची त्याची परीक्षा आजही दवाखान्यात केली जाते. पण या विकाराचा कामाशी संबंध नाही, असे त्याचे ठाम मत होते, आणि त्याच्या युक्तिवादाचा एक आधार असा की त्याचे बहुसंख्य रोगी कष्टाची कामे न करणाऱ्या मध्यमवयीन गृहिणी होत्या. अॅलर्ड डेम्बी याने १९९६ साली व्यवसायजन्य रोगांच्या सामाजिक इतिहासावर लिहिताना या गृहीतकांची चिकित्सा केली आहे. धुणे पिळणे, कणीक तिंबणे, फरशी घासणे, शिवणटिपण करणे, हे काम नव्हे! रामाझिनी निदान धोबिणींवर एक प्रकरण लिहून ओल, वाफ आणि खारे पाणी यांनी हातांना पडणाऱ्या भेगांची दखल घेतो. अडीचशे वर्षांनंतरचा शल्यविशारद घरकाम हा धंदाच मानीत नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी जाते आठवल्यावाचून राहणार नाही. पहाटे खुंटा धरून, एकीने वा दोघींनी, तासन्‌तास गोल फिरवायचे ते यंत्र. आणि त्यावर रचल्या गेलेल्या ओव्या हा आपल्या वाङ्मयाचा एक अमोल ठेवा. साने गुरुजींनी त्यांचे संग्रह केले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांच्या प्रकल्पात खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. आपण त्यांतला माहेरचा जिव्हाळा वाचतो, भाऊ वाचतो, विठ्ठल वाचतो, लय वाचतो. ती लय ज्या घट्ट मुठीतून येते ती मूठ मात्र आपल्या विवेचनात येत नाही. जनाबाईबरोबर साक्षात विठ्ठल दळू लागला, ही आख्यायिका आपण भक्तीचा महिमा म्हणून सांगतो. दळण एकटीच्या हाताला जड होते, ही तिच्यातली साधी वस्तुस्थिती आहे. जात्यावरच्या बायकांना कार्पल टनेल होता, असे आम्ही म्हणत नाही. त्याला पुरावा नाही. जोर लावून, घट्ट पकडून, तीच ती हालचाल वर्षानुवर्षे करणाऱ्या हातांना हा विकार अधिक होतो, एवढे मात्र आजच्या संशोधनातून दिसते. लेखनिकाला पुष्पिकेत दोन ओळी तरी मिळाल्या.

आणखी एक मोह टाळावा. सुश्रुतसंहितेत ‘विश्वाची’ नावाचा वातविकार सांगितला आहे: बाहूच्या मागील बाजूने बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा दूषित होऊन हाताची कामाची शक्ती जाते. एवढ्यावरून कार्पल टनेल आपल्याला दोन हजार वर्षे आधी ठाऊक होता, असे सांगणारे भेटतात. वर्णनावरून तो साऱ्या बाहूचा विकार दिसतो. मनगटातल्या बोगद्याचा त्यात निर्देश नाही. सुश्रुताचे निरीक्षण आहे तेवढेच मोठे आहे, त्याला उसने श्रेय नको.

कामाचा आणि हाताचा संबंध मान्य होण्यास तारयंत्र कारण झाले. मोर्सची कळ दाबून दाबून हात धरणाऱ्या तारबाबूंचा पेटका १९०८ साली ब्रिटनमध्ये नुकसानभरपाईस पात्र रोगांच्या यादीत आला. १९११ च्या चौकशी समितीने मात्र दोन कारणे सांगितली: हालचालींची पुनरावृत्ती आणि त्या माणसाची मुळातली मानसिक अस्थिरता. रामाझिनीचा मनाचा ताण येथे मनाचा दोष झाला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात संगणकाच्या कळफलकावर काम करणाऱ्यांत, विशेषतः स्त्रियांत, हातदुखीची लाट आली तेव्हाही हाच वाद जसाच्या तसा झडला: रोग की बहाणा? पुढे संगणक घरोघर आला आणि कार्पल टनेल हा कळफलकाचा रोग, अशी समजूत पक्की झाली. लिहिणाऱ्या वर्गाने, म्हणजे आम्हीही त्यात आलोच, हे दुखणे पुन्हा आपल्या नावावर करून घेतले. मेयो क्लिनिकच्या २००१ च्या पाहणीत संगणकावर पुष्कळ काम करणाऱ्यांत त्याचे प्रमाण सर्वसामान्यांइतकेच आढळले. २००३ च्या डॅनिश अभ्यासानेही कळफलकाला मोठा दोषी ठरवले नाही. कंप पावणारी हत्यारे, मांस कापण्याचे आणि जुळवणीचे कारखाने, जोर लावून वारंवार करायची कामे यांच्या विरुद्धचा पुरावा अधिक सबळ आहे. त्याशिवाय मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात, स्थूलपणा, गरोदरपण. आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांहून बरेच जास्त. कळफलकाने मनगट दुखत नाही असे नव्हे. पण प्रत्येक दुखणारे मनगट या बोगद्याचे नसते.

उपचारांबद्दल लांबण लावण्याची गरज नाही, कारण ते आता बऱ्यापैकी स्थिरावले आहेत. सौम्य विकारात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून निजणे हा पहिला उपाय. झोपेत मनगट मुडपले जाते आणि दाब वाढतो, हे ध्यानात घेतले तर पटनमच्या रोग्यांना रात्रीच जाग का येई, याचा उलगडा होतो. गरोदरपणातला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. थायरॉइड वा मधुमेह असेल तर त्यावर उपचार हवेतच. स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे वा महिने आराम देते. मज्जातंतूतून विद्युत्‌संदेश मनगटाशी किती मंदावतो, हे मोजण्याची सोय १९५६ पासूनच्या संशोधनाने झाली आहे. बधिरपणा कायमचा होऊ लागला, हातातून कपबशी निसटू लागली, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसू लागला, तर मारी आणि फ्वा यांनी सुचवलेला तोच अस्थिबंध कापण्याची शस्त्रक्रिया, बहुधा जागा बधिर करून, थोड्या मिनिटांत होते. मुंग्या आणि रात्रीची वेदना त्याने सहसा जाते. झिजून गेलेला स्नायू मात्र भरून येईलच असे नाही, म्हणून वेळेला महत्त्व.

निदान पुष्कळदा ऐकण्यानेच होते. घरातली बाई ‘रात्री हात मेल्यासारखा होतो’ म्हणाली, तर कोणती बोटे, हे तिला विचारावे. प्रथम ती सगळा हातच सांगेल. पुढच्या वेळी जाग आल्यावर अंधारात एकेक बोट चाचपून पाहण्यास सांगावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट बधिर आणि करंगळी जागी असेल, तर दुखणे मनगटातल्या बोगद्याचे असण्याचा संभव मोठा. करंगळीच बधिर असेल तर शोध कोपराकडे न्यावा. तिचा मज्जातंतू निराळा आहे आणि तो या बोगद्यातून जात नाही.